इंदूरहून आडबाजूच्या धबधब्याला एका दिवसात जायचं तर: आपल्याकडे उतरण आधी आणि चढण शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की ऑगस्टमधल्या रविवारी सुदामा नगरातून आठ जण निघणार, त्यात ९ आणि १३ वर्षांची दोन मुलं, ६८ वर्षांच्या आई, आणि पुण्याहून आलेला मामेभाऊ ज्याने सह्याद्रीत भरपूर ट्रेक केलेत, म्हणून लीडर तोच. गर्दी नसलेला जंगलातला धबधबा बघायचाय, सकाळी पोहे खाऊन ९ ला निघायचं, संध्याकाळी परत. कुठे जावं, काय न्यावं.

मी ९६ पासून या भागात लोकांना घेऊन फिरतोय, महू, चोरल, मानपूर ही सगळी रांग पायाखालची आहे, त्यामुळे तुमच्या प्लॅनमधल्या तीन गोष्टी आधीच बदलायला सांगतो. ऑगस्ट, ९ ची वेळ, आणि मामेभावाकडे लीडरशिप. तिसरी वाचून तो रागावेल पण ऐकून घ्या.

सह्याद्रीत आणि आपल्याकडे एक मूळ फरक आहे जो पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाला दुपारी २ नंतर कळतो. तिकडे गाव पायथ्याला असतं, तुम्ही खालून चालत जाता, धबधबा समोर वरून कोसळताना दिसतो, दमलात तर वळायचं आणि उतरत घरी. आपलं उलटं आहे. इंदूर, महू, सिमरोल, मानपूर हे सगळं माळव्याच्या पठारावर, म्हणजे आपण आधीच वर बसलोय, आणि दक्षिणेला विंध्याचा कडा तुटून खाली निमाड, नर्मदेचं खोरं. आपले सगळे चांगले धबधबे या तुटलेल्या काठावर आहेत. म्हणजे गाडी धबधब्याच्या डोक्यावर जाऊन थांबते, तुम्ही सोयाबीनच्या शेतातून सपाट चालत येता आणि एकदम पायाखालची जमीन संपते. पाणी तुमच्याकडे येत नाही, तुमच्यापासून लांब खाली पडतं. ते नीट बघायचं तर खोहमध्ये, म्हणजे खालच्या खोल दरीत, उतरावं लागतं, आणि उतरलात की दिवसातली सगळ्यात मोठी चढण सगळ्यात शेवटी, पाय थकलेले, पोट भरलेलं, मुलं रडकुंडीला आलेली असताना.

सगळं प्लॅनिंग या एका गोष्टीतून निघतं. म्हणून मी ग्रुपमध्ये "किती वाजता पोहोचू" हा प्रश्नच घेत नाही, "किती वाजता वळू" तेवढं ठरवतो, आणि ती वेळ आहे दुपारी १. खाली कुंडाशी पोहोचलेले असा नसा, १ वाजला की तोंड वर. ऑगस्टमध्ये सूर्य ७ च्या आसपास मावळतो हे खरंय पण खोहच्या आत ढगाळ दिवशी साडेपाचलाच अंधारून येतं. उतरायला पाऊण तास लागला तर चढायला दीड धरा, मुलं असतील तर दोन. २००४ मध्ये मी हा हिशेब केला नव्हता. ४ वाजता आमच्यातल्या एकाचा घोटा मुरगळला, आणि दोन बांबू अन एका चादरीची डोली करून त्याला वर आणायला साडेतीन तास लागले, तेही गावातली चार माणसं मदतीला आली म्हणून. चूक सगळी माझी, निघालोच होतो १० वाजता कारण कुणालातरी जलेबी गरम हवी होती. तेव्हापासून पोहे घरून डब्यात, साडेपाचला उठायचं आणि ६ ला गाडी हलली पाहिजे.

आता ऑगस्ट का नको. याचं उत्तर आपल्या काळ्या मातीत आहे. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील, जूनच्या शेवटी पहिला पाऊस येतो तो आधी या भेगांमध्ये जातो, नाले लगेच चढत नाहीत. पण एकदा जुलैचा पाऊस पिऊन माती फुगली की भेगा बंद, आणि त्यानंतर पडलेलं पाणी जिरायला तयारच नाही, सरळ शेताच्या बांधावरून नाल्यात, नाल्यातून कड्यावर. म्हणजे जुलैच्या सुरुवातीला ज्या पावसाने नाला जेमतेम घोटाभर चढतो त्याच पावसाने ऑगस्टमध्ये तो कमरेपर्यंत येऊ शकतो. आणि ही सगळी शेतं तुमच्या मागे, वर पठारावर आहेत, तुम्ही खोहमध्ये उतरलात की ती दिसतच नाहीत. वर ऊन पडलंय, तुमच्या डोक्यावर निळं आकाश, आणि ८ किलोमीटर मागे एखादा ढग फुटलाय, याचा पत्ता तुम्हाला कसा लागणार?

पातालपानीचं २०११ इंदूरमध्ये कुणी विसरलेलं नाही. १७ जुलै, रविवार. पाच जण पाण्याच्या मधोमध खडकावर अडकले, एकमेकांना धरून उभे राहिले, काठावर शेकडो लोक, कुणाला काही करता आलं नाही, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लोंढा त्यांना घेऊन गेला. तो व्हिडिओ लोकांनी बघितला आणि पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच सेल्फी. ते लोक मूर्ख होते असं मला अजिबात वाटत नाही. आले तेव्हा पाणी कमीच होतं, वाढत गेलं आणि परतायचा रस्ता आधी बंद झाला.

म्हणून मी एक काम करतो जे बघून नवीन लोक हसतात. पाण्याजवळ पोहोचलो की सगळ्यात आधी एक काडी घेतो, करंगळीएवढी जाड, आणि पाण्याच्या कडेला जिथे ओली आणि कोरडी रेती मिळते तिथे खोचतो. मग शेजारच्या दगडावर खडूने पाण्याच्या रेषेवर खूण. आणि एका माणसाला काम देतो की बाबा तू दर पाच मिनिटांनी ही काडी बघायची, बाकी काही केलं नाहीस तरी चालेल. एकदा महूच्या पुढच्या एका नाल्यावर असे बसलो होतो, लख्ख ऊन, मुलं गुडघाभर पाण्यात, आणि काडी सांभाळणारा पोरगा म्हणाला, "काका, काडी पाण्यात गेली". मी म्हटलं पडली असेल. बघतो तर पडली नव्हती, उभीच होती, पाणी तिच्या पुढे चार बोटं गेलं होतं. पाण्याचा रंग अजून तसाच होता, फक्त त्यात सागाची बारीक काटकी अन वाळलेली पानं यायला लागली होती, आणि आवाज जरा जाड झाला होता, पातळ खळखळ जाऊन खालून घरघर. सगळ्यांना उचलून वर काढलं, चपला तिथेच राहिल्या. बारा मिनिटांनी ज्या दगडावर आम्ही थालीपीठं खात होतो तो दिसत नव्हता आणि पाणी दुधाच्या चहासारखं झालं होतं. रंग बदलायची वाट बघत बसलो असतो तर मुलांना पलीकडून आणता आलं नसतं. तर क्रम लक्षात ठेवा, आधी काडी, मग कचरा, मग आवाज, आणि रंग सगळ्यात शेवटी.

यातून निघणारा नियम हा की नाला ओलांडून पलीकडे बसायचं नाही, ज्या काठावर परतीची वाट त्याच काठावर राहायचं, मग पलीकडचा फोटो कितीही भारी येत असो. आणि धबधब्याच्या वरच्या तोंडाशी, जिथून पाणी खाली जातं तिथे, पाण्यात पाय सोडून बसणं तर पूर्णच बंद. तिथला काळा बेसॉल्ट पाण्याने घासून गुळगुळीत झालेला, वर शेवाळाचा हिरवा पापुद्रा जो ओला असताना दिसतसुद्धा नाही, आणि वाहतं पाणी गुडघ्याच्या खाली असलं तरी मोठ्या माणसाला पाडतं. काठापासून निदान तीन माणसं झोपतील एवढं अंतर.

आता तारीख. माझं ऐकाल तर अनंत चतुर्दशीच्या झांक्या (गणपती मिरवणुकीतले देखावे) होऊ द्या आणि मग पितृपक्षात जा. साधारण सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. लोक पितृपक्षात पिकनिक करत नाहीत म्हणून गर्दी निम्मी, पाऊस परतीला लागलेला, नाल्यातला गढूळपणा बसलेला, पाणी काचेसारखं आणि धार अजून चांगली. दिवाळीनंतर बहुतेक जागी नुसती ओली भिंत उरते, त्यामुळे फार ताणूही नका. एकच की तेव्हा गवत छातीपर्यंत असतं, म्हणजे साप, त्यावर पुढे सांगतो. आईंना हे पटणार नसेल तर त्यांना सांगा की आपण देवदर्शनाला नाही, जंगलात जातोय, त्याला मुहूर्त लागत नाही.

आणि ऑगस्टच हवा असेल, मामेभावाची सुट्टी तेव्हाच असेल, तर खोहमध्ये उतरू नका, वरून बघा, बस. आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा इंदूर आणि धार जिल्ह्याचा अलर्ट बघा. ऑरेंज किंवा रेड असला तर प्लॅन रद्द, चर्चा नाही. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की खातं त्याला जोरदार पाऊस म्हणतं, आणि आदल्या दिवशी एवढा पडून गेला असेल तर आज ऊन असलं तरी नाले दमदार असतात. मोबाईलमध्ये दामिनी अॅप टाकून ठेवा, वीज कुठे पडतेय ते कळतं, पण खोहमध्ये नेटवर्क नसतं, म्हणून ते शेवटचं वर काठावरच बघून घ्यायचं. आणि एक, पावसाळ्यात या जागांवर प्रशासनाचे बंदीचे आदेश निघतात. बंदी असेल तर जाऊ नका, त्या पोलिसाला घालून पाडून बोलू नका, वाहून गेलेल्याला बाहेर काढायला त्यालाच यावं लागतं.

कुठे जायचं. पातालपानी (सुमारे ३०० फूट), टिंचा, शीतलामाता, ही सगळ्यांना माहीत असलेली नावं, रविवारी तिथे मॅगी आणि भुट्ट्याच्या गाड्या, डीजे, फुटलेल्या बाटल्या. ती तुम्हाला नकोच आहेत. त्याच्या पलीकडे मानपूरकडे जोगीभडक, महूच्या पुढे मेहंदी कुंड आणि बामनिया कुंड, खंडवा रोडवर आयआयटीच्या सिमरोलकडून काजलीगढ, पूर्वेला खुडेलकडे गिदिया खोह. एकांत म्हणाल तर ही नावंही आता रविवारी एकांत राहिली नाहीत, मंगळवारी गेलात तर गुराखी सोडून कुणी भेटणार नाही. तुमच्या आठ जणांसाठी मी काजलीगढ निवडेन. जुन्या गढीचे अवशेष आहेत, महादेवाचं मंदिर आहे, खोह काठावरून छान दिसते, उतरलंच नाही तरी दिवस फुकट गेला असं वाटत नाही. गिदिया खोह आणि हत्यारी खोह मुलांना घेऊन नको, खोली फार आहे, आणि हत्यारी (हिंदीत खुनी) हे नाव गंमत म्हणून पडलेलं नाही.

खरंच कुणी नसलेली जागा हवी असेल तर मी नाव सांगणार नाही, पण शोधायची पद्धत सांगतो, त्यात मजा जास्त आहे. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे घ्या, जुन्या नंबरप्रमाणे आपला भाग ४६ एन मध्ये येतो. त्यात उंचीच्या तपकिरी रेषा दर २० मीटरला असतात. महू ते चोरल हा पट्टा काढा आणि निळी नाल्याची रेषा बोटाने पठारावरून दक्षिणेकडे सरकवत न्या. जिथे त्या निळ्या रेषेवर चार-पाच तपकिरी रेषा एकमेकींना चिकटून येतात तिथे पाणी ८०-१०० मीटर एकदम खाली जातंय, म्हणजे धबधबा, मग त्याला नाव असो नसो. मग त्याच निळ्या रेषेवर उलटं वर चढा आणि बघा मागे नाला किती लांबून येतोय. लांबून येत असेल तर पाणी ऑक्टोबरपर्यंत टिकेल, पण पूरही तसाच येईल. दोन किलोमीटरमध्येच संपत असेल तर पूर लवकर उतरतो आणि धारही लवकर आटते. (जानापाववर उभं राहिलात तर हे डोळ्यांना दिसतं, एका उताराचं पाणी चंबळ होऊन उत्तरेला निघतं आणि दुसऱ्या उताराचं नर्मदेकडे.) मग सॅटेलाईटचं चित्र उघडून जवळचं गाव, पायवाट, शेत कुठे संपतं ते बघायचं, आणि एकदा दोघा-तिघांनी कोरड्या दिवसांत, फेब्रुवारीत, जाऊन वाट बघून यायची. पानं गळलेली असतात, सगळं उघडं दिसतं. कोरड्यात न बघितलेल्या खोहमध्ये मी पावसाळ्यात कुणाला नेत नाही.

गावातला माणूस बरोबर घ्याच. गाडी त्याच्याच दारात लावा, त्याला दिवसाची मजुरी ठरवून द्या, घासाघीस करू नका, तुम्ही छप्पन दुकानाच्या खाऊगल्लीत एका चक्करमध्ये तेवढे उडवता. हे बहुतेक भिल्ल-भिलाला लोक, कोणत्या नाल्याला कुठून पाणी येतं हे त्यांना जितकं कळतं तितकं मला तीस वर्षांनी कळत नाही. तो म्हणाला "आज नको" तर आज नको. मामेभावाला हेच सांगा, त्याचा अनुभव खरा आहे पण तो दुसऱ्या दगडावरचा, दुसऱ्या बाजूने चढायचा आहे. इथे पुढे गावचा माणूस, मध्ये मुलं, आणि मामेभावाला सगळ्यात मागे ठेवा, मागचा माणूस भक्कम लागतो आणि त्याचा मानही राहतो. जंगल खात्याच्या रेंज ऑफिसला, महू, चोरल किंवा मानपूर जे जवळ असेल तिथे, आधी विचारून घ्या. २०२३ मध्ये महूच्या आसपास वाघ फिरत होता तेव्हा ज्यांनी विचारलं त्यांना घरीच थांबायला सांगितलं, ज्यांनी नाही विचारलं ते देवाच्या भरवशावर फिरले. बिबटे तर आहेतच, त्यामुळे पहाटे आणि तिन्हीसांजेला मुलं हाताशी. आणि महूच्या पुढे सैन्याची फायरिंग रेंज आहे, लाल झेंडा दिसला तर त्या दिशेला पाऊल नाही, पडलेला धातूचा तुकडा तर अजिबात उचलायचा नाही.

सामान. माणशी तीन लिटर पाणी, हो तीन, नाल्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी वर गुरं आणि शेतातली औषधं आहेत. ओआरएसची पाच-सहा पाकिटं, शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात कारण धबधब्याच्या आवाजात हाक पोहोचत नाही. दोन टॉर्च, बॅटरी भरलेल्या. क्रेप बँडेज. कोरडे कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी परत आणायची. बूट खाली खोल खाचांचे, कॅनव्हासचे चालतील, सँडल नको. शेवाळाच्या दगडावरून जायची वेळ आलीच तर जुना सुती मोजा बुटाच्या वरून चढवा, दिसतं गमतीशीर पण पकड येते. छत्री नको, काठी हवी. दोर मी नेतो पण तो उतारावर हाताला आधार म्हणून, नाला ओलांडायला दोर बांधून जाणं हे ज्यांनी शिकलंय त्यांनीच करावं. खाण्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळ-शेंगदाणे, थोडी सेव. माकडांसमोर पिशवी उघडली की गेलीच समजा.

सापांचं. घोणस, मण्यार, फुरसं, नाग, चारही आपल्याकडे आहेत. गवतात काठी पुढे आपटत चालायचं, दगडाखाली हात घालायचा नाही, मुलांना फुल पँट. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, अंगठी-कडं काढून टाकायचं, तो अवयव फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवायचा आणि माणसाला चालवायचं नाही, उचलून गाडीपर्यंत. १०८ ला फोन, आणि सरळ महू किंवा इंदूरला एमवाय हॉस्पिटल. गावात कुणी झाडफूक करणारा आहे म्हणाले तर हात जोडायचे आणि गाडी चालू करायची. इथे परत तीच चढण आडवी येते बघा, म्हणून मुलं असताना खोल उतरू नका म्हणतोय.

गाडीबद्दल एकच, येताना-जाताना रपट्यावरून (नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, समोरचा ट्रॅक्टर गेला म्हणून तर नाहीच. थांबायचं, तासा-दोन तासात उतरतं. आणि घरी कुणालातरी कागदावर लिहून द्या, कुठलं गाव, कुणाच्या दारात गाडी, ७ पर्यंत फोन आला नाही तर ११२ लावायचा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं की सगळ्यांना वाटतं दुसरा कुणी बघेल.

राहिल्या आई. त्यांना खोहच्या काठावर चार तास गाडीत बसवून ठेवू नका, ते फार वाईट, त्यांचा जीव मुलांच्यात अडकलेला असतो. त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढा आणि पातालपानी ते कालाकुंडची हेरिटेज ट्रेन करा, २०१८ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालीय, जुनी मीटर गेजची लाईन, बोगदे, पूल, आणि धबधबा बघायला गाडी थांबते. पातालपानीला टंट्या मामाचं, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लाचं, मंदिर आहे, तिथे त्यांचा नमस्कारही होईल. सिझनमध्ये तिकिटं लवकर संपतात, आधी काढून ठेवा. कालाकुंडला उतरल्यावर पानाच्या द्रोणात कलाकंद मिळतो, सकाळचा ताजा असेल तर दाणेदार असतो आणि दुपारपर्यंत संपतो, त्यामुळे फोटो नंतर, आधी तो घ्या.